संपाच्या जेवणाची पाच छायाचित्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावच्या एखाद्या विदुषीचे व्याख्यान व्हावयाचे असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा ठरलेल्या बाईंना अडचणीमुळे येता आले नाही. तेव्हा परवा सकाळी चिटणीसबाई माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडे जुने फोटो आहेत म्हणे. त्यावर चार शब्द बोला." मी अंगणवाडीत मुलांना गोष्टी सांगून आयुष्य काढलेली बाई. मोठ्यांपुढे बोलण्याचा मला सराव नाही. परंतु फोटोंविषयी सांगावयाचे म्हणताच मला नाही म्हणवेना. कारण त्या फोटोंतील एका गोष्टीचे ओझे माझ्या मनावर पुष्कळ वर्षे आहे आणि ते चार बायकांत उतरवावे असे वाटत होते.

फोटो एकंदर पाच आहेत. काळेपांढरे आहेत, कडा पिवळ्या पडल्या आहेत. ते हातोहात मागपर्यंत जाऊ द्या. फक्त ओल्या हाताने धरू नका, एवढीच विनंती. माझे यजमान गेल्यानंतर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, मुकादमाच्या हिशेबाच्या जुन्या वहीत घालून ठेवलेले ते मला सापडले. मागे तारीख नाही, नाव नाही. परंतु मी त्या वेळी नवी सून होते, त्यावरून साल १९८० च्या मागचे-पुढचे असावे. आमच्या नात्यातला एक मुलगा तालुक्याला फोटोच्या दुकानात शिकत होता. त्याने मालकाचा कॅमेरा मागून आणला आणि आमच्या गावच्या मारुतीसमोर झालेले ऊसतोड कामगारांचे जेवण टिपले. गावात त्या जेवणाला आजही "संपाचं जेवण" म्हणतात.

आता तरुण सुनांना आणि शहरातून आलेल्या भगिनींना थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आपला बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगराने उभाआडवा चिरलेला. गोदाकाठची गेवराई-माजलगावची काळी जमीन सोडली, तर पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज या बाजूंना मुरूम फार आणि पाणी थोडे. खरिपाची बाजरी घरात आली की डोंगरातल्या माणसाला पुढचे सहा महिने काम नाही. इकडे १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांना ऊस तोडणारी माणसे हवी होती, आणि आमच्या डोंगरात रिकामे हात होते. १९७२ च्या दुष्काळात तर आमच्या आईबापांनी खडी फोडली, आम्ही मुलांनी सुकडी खाल्ली, आणि त्यानंतर ऊसतोडीला जाणे हा कित्येक घरांचा नेमच होऊन बसला. दसरा झाला, दिवाळी आली, की गावे रिकामी होत. मागे म्हातारी माणसे, शाळेत जाणारी दोनचार पोरे आणि कुत्री राहत.

या धंद्याची एक भाषा आहे. मुकादम आधी पैसे देतो, ती उचल. ती हंगामभर तोडून फेडावयाची. ऊस तोडणारे जोडपे म्हणजे एक कोयता. नवरा आणि बायको मिळून एक! पुरुष बुडख्याशी ऊस तोडतो, बाई वाढे छाटते, पाचट बाजूला करते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पहाटे भाकरी तीच थापते आणि रात्री खोपीत चूलही तीच पेटवते. पण हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचे. बाई एकटी असली तर ती अर्धा कोयता. तिला कुणाच्या तरी जोडीला घालतात, आणि तिला घेण्यास मुकादम सहजी राजी नसतो.

फडावरच्या या माणसांची संघटना बांधणे सोपे नव्हते. गिरणीतले कामगार एका दरवाजाने आत जातात, एका चाळीत राहतात. आमचे लोक शंभर फडांवर पांगलेले. त्यात उचलीचे देणे डोक्यावर. तरीही आपल्या जिल्ह्याला चळवळीचे वारे नवे नव्हते. १९६७ साली साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना बीडने लोकसभेवर निवडून पाठविले, आणि १९७७ साली गंगाधरअप्पा बुरांडे हे लाल बावट्याचे दुसरे खासदार इथूनच गेले. पुढे पाथर्डीकडचे बबनराव ढाकणे आणि आपल्या परळीजवळच्या नाथ्राचे गोपीनाथराव मुंडे यांनी ऊसतोड कामगारांचा प्रश्न हाती घेतला. संपाची युक्ती अशी, की हंगामाच्या तोंडावरच गाव सोडावयाचे नाही. कारखान्यांचे बॉयलर पेटलेले, शेतात ऊस उभा, आणि तोडणारा घरी बसलेला! मग साखर संघाने आणि पुढाऱ्यांनी एकत्र बसून लवाद करावयाचा, दर ठरवावयाचा, आणि ठरला की ट्रक सुटावयाचे.

आमच्या गावी ते जेवण झाले ते अशाच एका संपानंतर. दिवाळी होऊन गेली होती. घरात दाणा संपत आलेला, कारण उचल मिळालेली नव्हती. पुरुष पारावर बसून ट्रान्झिस्टर ऐकत आणि बायका एकमेकींच्या घरून मूठमूठ पीठ आणत. एके दिवशी सांजेला बातमी आली की दर वाढला, संप मिटला. गावाने ठरविले की जावयाच्या आदल्या दिवशी सर्वांनी एकत्र जेवावे. कोयत्यामागे वर्गणी बसविली. मुकादमाने गव्हाचे पोते दिले, गुऱ्हाळावरून गुळाची ढेप आणि मोठी काहील आणली. बेत लापशी, वांग्याची भाजी, वरण आणि भात. वर्षभर साखरेच्या कारखान्यासाठी राबणाऱ्या घरांत गोड असे फार थोड्या वेळा होई, म्हणून मुलांनी सकाळपासून काहिलीभोवती फेर धरला होता.

आता फोटो पाहू.

पहिल्या फोटोत मारुतीच्या पारावर पुरुष उभे आहेत आणि सर्वांनी कोयते वर धरले आहेत. माझे यजमान डावीकडून तिसरे, डोक्याला मुंडासे, गालात हसणारे. पलीकडच्या महिन्यात त्यांच्या पायावर कोयता लागला आणि ते वीस दिवस खोपीत पडून होते, पण फोटोत त्याची काही कल्पना नाही. मी मोजले आहे. त्यात चौतीस माणसे आणि चौतीस कोयते आहेत. बाई एकही नाही. वास्तविक त्यांतले निम्मे कोयते आम्ही आदल्या दिवशी दगडावर घासून धार लावलेले होते.

दुसऱ्या फोटोत तालुक्याहून आलेले संघटनेचे कार्यकर्ते भाषण करीत आहेत. गळ्यात झेंडूचा हार आहे. भाषण चांगले झाले. ते म्हणाले की आपण भिकारी नाही, आपण कष्टाचा दाम मागितला आणि तो एकीच्या बळावर मिळाला. मी काहिलीपाशी उभी राहून ते ऐकत होते आणि माझ्याही अंगावर काटा आला होता. आजही ते शब्द मला खोटे वाटत नाहीत. संपाने दर वाढला, हे खरेच होते.

तिसरा फोटो चुलाणाचा. धूर फार झाल्यामुळे तो अंधुक आला आहे. पाठमोऱ्या सातआठ बायका दिसतात. सगळ्यांचे पदर कमरेला खोचलेले. उजवीकडची उंच पाठ माझ्या सासूबाईंची, तिच्याशेजारी थोरल्या जाऊबाई आणि ओगराळे हातात धरलेली मी. या फोटोत एकीचाही चेहरा नाही. तो मुलगा पुढच्या बाजूने फोटो घेण्यास आला असता तर धुराने त्याचे डोळे झोंबले असते, हेही खरे.

चौथा फोटो पंगतीचा. हा जरा नीट पाहा. दोन रांगा समोरासमोर बसल्या आहेत, पत्रावळी मांडल्या आहेत, मीठ आणि लिंबाची फोड वाढून झाली आहे. उजव्या रांगेत आतून सातवी जागा पाहा. दोन धोतरांच्या मधे एक लुगडे दिसते. डोक्यावर पदर, कपाळ मोकळे, हात मांडीवर. ती आमच्या आळीतली आक्का.

आक्काचा नवरा आधीच्या हंगामात फडावर साप चावून गेला. दोन मुली पदरात. ती भावाच्या जोडीला अर्धा कोयता म्हणून जावयास निघाली होती. वर्गणी गोळा करणारी मुले तिच्या दारी गेली तेव्हा तिने विचारले, "माझी किती?" मुले म्हणाली, "आक्का, तुझा अर्धा कोयता, तर अर्धी वर्गणी." तिने ती मोजून दिली. आणि जेवणाच्या दिवशी पुरुषांची पहिली पंगत बसली, तशी ती सरळ येऊन रांगेत बसली.

कुजबुज सुरू झाली. शेजारचा म्हातारा सरकून बसला. कुणी हसले. आक्का कुणाकडे न पाहता मोठ्याने म्हणाली, "वर्गणी दिलीया मी. कोयता अर्धा असंल माझा, भूक काय अर्धी न्हाई." त्याच क्षणी फोटोवाल्या मुलाने बटण दाबले असले पाहिजे. कारण फोटोत दोनतीन पुरुषांची तोंडे तिच्याकडे वळलेली दिसतात.

एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या सासूबाईंकडे पाहून मान हलवली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. आणि भगिनींनो, मी गेले. हातातले ओगराळे जाऊबाईंकडे देऊन मी त्या रांगेत गेले, आक्काच्या दंडाला धरले आणि म्हणाले, "ऊठ आक्का, शोभतं का हे? बायकांची पंगत मागून आहे." ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटते, सासूबाई आल्या असत्या किंवा कुणी पुरुष बोलला असता तर ती उठली नसती. मी तिच्याबरोबर मोळ्या उचललेल्या, तिच्या मुलीला अंगावर पाजलेली, म्हणून ती उठली. पत्रावळ तिथेच राहिली. तिच्या जागी मागून एक पोरगा येऊन बसला.

बायकांची पंगत सांज झाल्यावर बसली. लापशी संपली होती. काहिलीच्या बुडाशी लागलेली खरवड आम्ही पाण्याने सोडवून वाटून घेतली. भाजीही नव्हती, वरण होते. आम्हाला त्याचे काही वाटले नाही, कारण नेहमी तसेच होई. आक्का मात्र जेवावयास आली नाही. रात्री मी वरणभात झाकून तिच्याकडे नेला, तर मुलींना निजवून ती दारात बसली होती. म्हणाली, "ठेव, सकाळी पोरींना व्हईल." त्यापुढे एक शब्द नाही.

पाचवा फोटो दुसऱ्या दिवशी पहाटेचा. ट्रकमध्ये बाजरीची पोती, भांडी, कोंबड्यांची पाटी, शेळी, पाळण्याला लावावयाच्या दोऱ्या, आणि त्यांच्यावर माणसे. मागे लोंबकळणाऱ्या कंदिलाखाली आक्काची थोरली मुलगी दिसते. तिची शाळा तिथेच सुटली.

हे पाच फोटो मी वर्षानुवर्षे पाहिले नाहीत. सापडल्यावर चौथा हातात घेतला आणि सगळे आठवले. आपण एक विचार करा. त्या दिवशी पारावर जे भाषण झाले ते कष्टाच्या दामाविषयी होते. आक्काने जे केले तेही त्याच विषयीचे होते. दर वाढला तो टनामागे वाढला. टन मोजला जाई कोयत्याच्या नावावर, कोयता लिहिला जाई पुरुषाच्या नावावर. म्हणजे आमच्या अर्ध्या कष्टाचा वाढलेला दाम आमच्या हाताला न लागताच उचलीत वळता होई. आक्काने ते पंगतीत बसून विचारले. आणि तिला उठविणारी मी, तिच्यासारखीच ऊस तोडणारी बाई होते.

मला कुणी म्हणेल, त्या काळी तशीच रीत होती. होती. पण रीत मोडणाऱ्या बायाही त्याच काळात होत्या. मुंबईच्या गिरणगावात बायकामुलांना गावी ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबावर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. संप झाला की कामगारांकडे पैसा नसे. या बाया अंगावरचे सोने मोडून, सावकाराकडून व्याजाने काढून त्यांना जेवू घालीत. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात, पण संप किती दिवस टिकणार हे पुष्कळदा या चुलींवर ठरत असे. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिले आणि १९७५ साली त्या बायांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. प्रथम चौदा बायकांना बँकेचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा गिरणगावच्या चुलींवर केवढा भार पडला असेल, याची आपण कल्पना करू शकतो. आपल्यासारखेच तेही महिला मंडळ. स्वयंपाक करणारी बाई ही काम करणारी बाई आहे, एवढी गोष्ट त्यांनी कागदावर आणली. आम्हाला आमच्या गावात ती कुणी सांगितली नाही, आणि आम्हालाही सुचली नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी खटपट करून १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. फडावरच्या बाईला अजून रविवार नाही. एक दिवस काम चुकले तर तो खाडा, आणि खाड्याला दंड, तोही जोडप्याला पाचशे रुपयांपर्यंत. मासिक पाळी असो, पोटात दुखो, अंगावर जावो, खाडा करणे परवडत नाही. तिथे आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही. मग दुखणे वाढते आणि दवाखान्यात सांगतात, पिशवी काढून टाका. २०१९ साली हा प्रश्न देशभर गाजला, तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. शंभरात सोळा-सतरा! हे आकडे मी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला आकडे दिसलेच नाहीत. मला माझ्या थोरल्या जाऊबाई दिसल्या. तिशीतच त्यांचे ऑपरेशन झाले होते. त्याचा खर्च उचलीत धरला गेला आणि तो फेडण्यासाठी टाके सुकायच्या आत त्या पुन्हा फडात उभ्या राहिल्या. पुढे जन्मभर कंबरेला हात लावूनच त्या चालत. तिसऱ्या फोटोत त्यांची पाठ ताठ आहे, ती अजून तशी राहू दिलेली नव्हती एवढेच.

काहीच सुधारले नाही असे म्हटले तर ते अन्यायाचे होईल. गोपीनाथरावांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघाले आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत आणि तेवढेच सरकारने घालावेत असे ठरले. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याचा निर्णय झाला. आक्काच्या मुलीच्या वेळी असे एखादे असते, तर पाचव्या फोटोत ती कंदिलाखाली दिसली नसती. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात शरद पवार आणि पंकजाताई मुंडे यांच्या बैठकीत चौतीस टक्के वाढ ठरली आणि टनामागे सुमारे २७३ रुपयांचा दर ३६६ वर गेला. परंतु दोन माणसांनी उजाडल्यापासून राबून दीड-दोन टन ऊस निघतो. त्याची दोघांत वाटणी करा, उचलीचे देणे वजा करा, आणि मग बाईच्या हाती काय उरते ते आपणच घरी जाऊन पाटीवर मांडा.

आता आक्काचे सांगून संपविते. तिने आणखी दहाबारा हंगाम काढले, दोन्ही मुलींची लग्ने केली, मग शेळ्या राखून गावातच राहिली. मी अंगणवाडीत लागून इकडे तालुक्याला आले. येणेजाणे होते, लग्नकार्यात भेट होई, पण त्या दिवसाचा विषय आम्ही दोघींनीही कधी काढला नाही. फोटो सापडल्यावर मात्र मी मुद्दाम गावी गेले. ती ओट्यावर बसली होती, दृष्टी अधू झालेली. मी फोटो तिच्या हाती दिला आणि बोट लावून जागा दाखवली. तिने तो उन्हाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिला. मी म्हणाले, "आक्का, मी तुला उठवलं. चुकलं माझं." बोलताना माझा आवाज राहिला नाही.

ती म्हणाली, "तू तरी काय करतीस, बाई? तुझी सासू हुभी व्हती." मग पुन्हा फोटोवर बोट फिरवून म्हणाली, "जेवले न्हाई मी. पण बसले व्हते, एवढं तरी दिसतंय बघ ह्यात. पोरींना खरं वाटत नव्हतं." आणि तिने विचारले, अशीच एक प्रत तिला मिळेल काय? मी तालुक्याला येऊन ती काढून घेतली, काचेची चौकट करून पाठवून दिली. ती तिच्या घरात देवाच्या फळीशेजारी टांगलेली होती. गेल्या वर्षी आक्का गेली. चौकट आता थोरल्या मुलीकडे आहे.

भगिनींनो, उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. तीन लहान गोष्टी मात्र सुचवाव्याशा वाटतात.

पहिली ही, की आपल्या घरोघरी जुने फोटो आहेत. ज्यांना ओळखता येते त्या आपल्यासारख्या बायका हयात आहेत तोवर प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवा. पुरुषांची लिहाच, पण कडेला जिचा नुसता हात आला आहे, जिची पाठ आली आहे, तिचेही नाव लिहा. मी या पाचांच्या मागे कालच लिहिले आहे. धुरातल्या आठ पाठींपैकी सहा मला ओळखू आल्या. राहिलेल्या दोघींसाठी फोटो गावी पाठविणार आहे.

दुसरी गोष्ट कामाची आहे. आपल्या मंडळाच्या कितीतरी सभासदांच्या घरची माणसे, शेजारणी, मोलकरणी अजून ऊसतोडीला जातात. ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगारांची नोंदणी होते, ओळखपत्र मिळते. तिथे पुष्कळदा नवऱ्याचे नाव लिहून काम भागवले जाते. यंदा दसऱ्याच्या आधी आपण दोघीदोघींनी मिळून वाड्यावस्त्यांवर जावे आणि प्रत्येक बाईची नोंद तिच्या नावाने, तिच्या अंगठ्याने किंवा सहीने झाली की नाही हे पाहावे. बँकेचे पुस्तक नसेल तर ते काढून द्यावे. जी बाई एकटी आहे तिच्याकडे आधी जावे. अर्धा कोयता हा शब्द मुकादमाच्या वहीत असला तर असू द्या, सरकारी कागदावर तरी तिचे पूर्ण नाव असावे. हे काम आपल्या आवाक्यातले आहे. त्याला वर्गणी लागत नाही, फक्त चालावे लागते.

तिसरी गोष्ट आजचीच. थोड्या वेळाने आपल्या वर्धापनदिनाचे जेवण आहे. सकाळपासून मागे स्वयंपाकात पाच बायका राबत आहेत. त्यांना आपण मजुरी दिली आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांचा अपमान करण्याचा कुणाचा हेतू नाही. परंतु माझी अध्यक्षबाईंना हात जोडून विनंती आहे, की आज पहिल्या पंगतीत त्या पाचजणींनी बसावे आणि वाढण्याचे काम आपण करावे. मी स्वतः ओगराळे घेईन. माझा हात आता थरथरतो, थोडे सांडेल, तेवढे सांभाळून घ्या.